थायरॉइडचं ऑपरेशन: हार्मोनिकने की धाग्याने बांधून?

तुमचा प्रश्न असा: आईंच्या गळ्यात दोन्ही बाजूंना गाठी आहेत, पूर्ण थायरॉइड काढायचं ठरलंय. एका हॉस्पिटलने 'हार्मोनिक'चे (अतिवेगवान कंपनाने रक्तवाहिनी बंद करून कापणाऱ्या यंत्राचे) वेगळे पैसे सांगितले, दुसरे सर्जन म्हणाले की आम्ही नेहमीसारखं रक्तवाहिन्या धाग्याने बांधूनच करतो. मग कुठे जावं? मी स्वतः सर्जन आहे. सुरुवातीची बरीच वर्षं फक्त धाग्यावर काम केलं, पुढे हार्मोनिक हातात आलं. दोन्हींचा अनुभव असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

थायरॉइडच्या ऑपरेशनमधली सगळ्यात जुनी अडचण रक्तस्रावाची. ग्रंथी लहानशी, पण तिला येणारं रक्त तिच्या वजनाच्या मानाने प्रचंड. एकोणिसाव्या शतकात या ऑपरेशनात इतके रुग्ण दगावायचे की भले भले सर्जन त्याला हात लावायला कचरत. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या थिओडोर कोखर यांनी हे चित्र पालटलं. घाई नाही, एकेक रक्तवाहिनी आधी चिमट्यात धरायची, बांधायची, मगच कापायची. त्यांच्या हातून होणाऱ्या ऑपरेशनांत मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आलं आणि १९०९ मध्ये थायरॉइडवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. दुसरे सर्जन ज्याला 'बांधून करणं' म्हणतात, ती हीच पद्धत. आता तिच्या जोडीला क्लिपा आणि कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्त थांबवणारं साधन) असते. तिला जुनाट समजू नका.

हार्मोनिक म्हणजे लेझर नाही. त्याचं पातं सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा पुढेमागे कंप पावतं, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंच किंवा त्याहून कमी. या कंपनाने पकडलेल्या ऊतीतल्या प्रथिनांची रचना मोडून ती चिकट होतात, रक्तवाहिनीचं तोंड बंद होतं आणि त्याच पकडीत ती कापलीही जाते. चिमटा, धाग्याच्या दोन गाठी, कात्री हे सगळं एका हालचालीत. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतची रक्तवाहिनी ते नीट बंद करतं आणि थायरॉइडच्या वाहिन्या सहसा त्यात बसतात. कॉटरीसारखा विजेचा प्रवाह रुग्णाच्या शरीरातून जात नाही, त्यामुळे पेसमेकर असलेल्यांना ते सोयीचं.

दोन्ही पद्धतींची तुलना करणारे अभ्यास खूप झालेत. वेळेचा फायदा जवळजवळ सगळ्यांत दिसतो. पूर्ण थायरॉइड काढताना साधारण वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, रक्त थोडं कमी जातं. ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं उतरण्याबद्दल निष्कर्ष उलटसुलट आहेत. पण आवाजाच्या नसेला कायमची इजा आणि कायमची कॅल्शियमची कमतरता, ज्यांची आपल्याला खरी भीती असते, त्यांत ठोस फरक दिसत नाही.

याचं कारण गळ्याच्या रचनेतच आहे. आवाजाची नस जेमतेम १ ते २ मिलिमीटर जाडीची. ती स्वरयंत्रात शिरते, त्याच जागी ग्रंथी श्वासनलिकेला घट्ट चिकटलेली असते आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या नसेला अगदी खेटून असतात. हार्मोनिकचं पातं वापरल्यावर काही सेकंद गरमच राहतं आणि उष्णता आजूबाजूला पसरते. म्हणून जाणते सर्जन तिथे मशीन बाजूला ठेवून बारीक धागा किंवा छोटी क्लिप वापरतात. नुसत्या हार्मोनिकने केलेलं चांगलं थायरॉइड ऑपरेशन मी तरी पाहिलेलं नाही. पॅराथायरॉइडचंही तसंच. थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, मसुराच्या दाण्याएवढ्या त्या चार ग्रंथी ओळखून, त्यांचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून सोडवायच्या असतात. ते काम डोळ्यांचं आणि संयमाचं आहे.

मग हार्मोनिक मी कुठे आग्रहाने मागेन? गाठ फार मोठी असेल, ग्रेव्हजच्या आजारात (थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते तेव्हा) ग्रंथी रक्ताने भरलेली असेल, किंवा हृदयाचा त्रास असल्याने भूल जितकी कमी वेळ तितकी बरी असेल तिथे. काखेतून किंवा तोंडातून दुर्बिणीने करायचं असेल, तर अशा यंत्राशिवाय जवळजवळ भागतच नाही, कारण आत गाठी मारायला जागा नसते. आईंचं ऑपरेशन गळ्यावर नेहमीचा छेद घेऊन आहे आणि गाठीही मध्यम आहेत. केवळ मशीन आहे म्हणून हॉस्पिटल निवडू नका, हे माझं स्पष्ट मत.

पैशांचं विचाराच. कंपनीच्या हिशेबाने हार्मोनिकचा हँडपीस, म्हणजे सर्जनच्या हातातला पात्याचा भाग, एकदाच वापरायचा असतो, पण आपल्याकडे अनेक ठिकाणी तो निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. पुनःपुन्हा वापरून त्याच्या पकडीतली गादी झिजते आणि वाहिनी बंद करण्याची ताकद कमी होते. नवा वापरणार का आणि बिलात त्याचे किती लावणार, हे आधीच विचारण्यात गैर काही नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सर्जनांना विचारा की वर्षाला किती थायरॉइड करता. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत वर्षाला २५ हून जास्त पूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत गुंतागुंत कमी आढळली होती. नस प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहून ओळखता का? ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरतंतू तपासणार का? पॅराथायरॉइडचा रक्तपुरवठा तुटलाच, तर तिचे तुकडे करून स्नायूत पेरता का? आणि पहिल्या रात्री हॉस्पिटलमध्ये कोण असेल?

हा शेवटचा प्रश्न सोडू नका. ऑपरेशननंतर गळ्यात रक्त साचण्याचा धोका शंभरात एक-दोघांना असतो, बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत, आणि कुठल्याही पद्धतीने तो शून्य होत नाही. गळा फुगायला लागला, श्वास कोंडतोय असं आई म्हणाल्या, तर एक क्षणही न थांबता सिस्टर आणि डॉक्टरांना बोलवा. पुढचे दोन-तीन दिवस ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, तर लगेच कॅल्शियम तपासून घ्या.

सुईच्या तपासणीचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट, टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हे नाव झाकून इथे टाकता येईल का? दोन्ही बाजू काढायचं कशावरून ठरलं, ते मला एकदा बघायचं आहे. एकच बाजू काढून भागणार असेल, तर कॅल्शियमचा प्रश्न बराचसा टळतो.