काउबॉय माहीत नसला तरी 'ड्रिप-अलाँग डॅफी' हसवतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'ड्रिप-अलाँग डॅफी' हे १९५१ सालचं काउबॉय कार्टून लोक अजून का डोक्यावर घेतात, आणि वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयचे चित्रपट, कधी पाहिलेच नसतील तर त्यातली गंमत कळेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. कळेल. माझ्या आजीला कळली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि काउबॉय कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. मामाने 'वॉर्नर ब्रदर्स' या अमेरिकन स्टुडिओच्या लूनी ट्यून्स या जुन्या कार्टूनांचा डीव्हीडी संच आणला होता, २००३ साली निघालेला. सुट्टीत आम्ही मुलं तो लावून बसायचो आणि आजी शेजारी बसून भाजी निवडायची. हे कार्टून लागलं की तिचे हात थांबायचे.

गोष्ट एवढीशी. कायदा-कानून काही उरलेला नाही असं वाळवंटातलं एक गाव. एका बाजूला माणसं मरताहेत, दुसऱ्या बाजूला गावाच्या पाटीवरचा लोकसंख्येचा आकडा उतरतोय. लोहाराच्या दुकानात तोंडाला फडकं बांधलेला एक घोडा दुसऱ्या घोड्याचे नाल लुटून नेतो. अशा गावात डॅफी नावाचं बदक येतं, ऐटीत घोड्यावर बसून. मागून गाढवावर पोर्की नावाचं गुबगुबीत डुक्कर. दोघांची ओळख करून देताना पडद्यावर चक्क अक्षरं उमटतात. डॅफीखाली 'वेस्टर्न छापाचा नायक', पोर्कीखाली 'विनोदी पात्र'.

माझ्या मते सगळं कार्टून या दोन पाट्यांवर उभं आहे. डॅफीचा आपल्या पाटीवर गाढ विश्वास आहे. आपण नायक आहोत हे लिहून आलंय, म्हणजे शौर्य, विजय, टाळ्या हे सगळं ओघानेच येणार असं तो धरून चालतो. गावाला शेरीफ, म्हणजे कायदा सांभाळणारा अधिकारी, नाही हे कळल्यावर तो अंगरखा उघडतो आणि आत लावलेल्या बिल्ल्यांमधून शेरीफचा बिल्ला निवडून छातीवर चढवतो. कोणी नेमणूक केलेली नाही, कोणी विचारलेलं नाही. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान नीट बघा. आपल्याकडे लग्नात न बोलावता पुढच्या रांगेत येऊन बसणारे आणि सगळ्यांना सूचना देणारे एक काका असतातच, अगदी तेच समाधान. आजीने पहिल्याच वेळी विचारलं होतं, "हे बदक एवढी मिजास कशाच्या जोरावर करतंय रे?" तिने एका वाक्यात कार्टून ओळखलं होतं.

मग नॅस्टी कनास्टा येतो. गुत्त्यात बसलेला आडदांड खलनायक. (कनास्टा हा पत्त्यांचा एक डाव. १९५० च्या आसपास अमेरिकेत त्याचं वेड घरोघरी पोचलं होतं, त्यामुळे हे नाव ऐकूनच तेव्हाचा प्रेक्षक हसत असणार.) डॅफी त्याच्यावर पिस्तूल रोखतो. कनास्टा शांतपणे पिस्तुलाचा तुकडा तोडून चावून खातो. डॅफी घाबरतो, पण नायक घाबरल्याचं दाखवू शकत नाही, म्हणून तो आपल्यालाच समजावतो की याला आज लोह कमी पडलं असावं. धाकट्या भावंडांना हे मी मराठीत सांगायचो. त्यांच्या पुस्तकात लोह आणि पालक नुकतेच येऊन गेले होते, त्यामुळे ती गडाबडा लोळायची.

त्यानंतरचा पेयाचा प्रसंग तर भाषेशिवायच चालतो. गुत्तेवाला जहाल जिन्नस ओतून एक ग्लास तयार करतो. त्यात टाकलेले बर्फाचे खडे जिवाच्या आकांताने बाहेर उड्या मारतात. ते पेय डॅफीच्या पोटात गेल्यावर एक क्षण काहीच होत नाही. त्या एका क्षणात दिग्दर्शक चक जोन्स यांची सगळी करामत आहे. तुम्ही श्वास धरता, डॅफीला वाटतं आपण जिंकलो, आणि मग त्याचं अंग त्याच्या ताब्यात राहत नाही.

जोन्स यांचं हे वैशिष्ट्य मला फार मोलाचं वाटतं. आपटणं, पडणं, स्फोट हे त्या काळच्या सगळ्याच कार्टूनांत होतं. जोन्स आपटण्याआधीच्या थांबण्याकडे लक्ष द्यायचे. भुवई जराशी वर, डोळा हळूच कॅमेऱ्याकडे, मग शांतता, आणि मग आपटणं. जेमतेम सात मिनिटांच्या कार्टूनात असं थांबायला हिंमत लागते, कारण वाया घालवायला एकही सेकंद नसतो. शेवटच्या द्वंद्वाच्या प्रसंगात तर ते थांबणं ताणूनच धरलं आहे. रस्ता सुनसान, दोन टोकांकडून दोघं चालत येताहेत. हा प्रसंग हास्याचा वाटतच नाही, खऱ्या वेस्टर्नसारखाच श्वास रोखून धरायला लावतो. सुनसान रस्त्यावरची ती चाल म्हटली की बहुतेकांना 'हाय नून' आठवतो. तो चित्रपट १९५२ चा, म्हणजे या कार्टूनाच्या नंतरचा.

आणि इतकी तयारी होऊन डॅफी गोळी झाडतच नाही. पोर्की एका इवल्याशा खेळण्यातल्या सैनिकाला किल्ली देऊन रस्त्यावर सोडतो. ते टिकटिक करत कनास्टापर्यंत जातं. एवढा मोठा गुंड कौतुकाने ते हातात उचलतो, आणि खेळणं आपली चिमुकली बंदूक उडवतं. कनास्टा आडवा. गाव पोर्कीचा जयजयकार करतं. नायकाची पाटी लावलेला बाजूला उभाच राहतो.

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा, कारण त्याने या शेवटाचं वजन वाढतं. डॅफी पहिल्यांदा दिसला १९३७ साली, टेक्स एव्हरी यांच्या 'पोर्कीज डक हंट'मध्ये. तेव्हा पोर्की हा वॉर्नर ब्रदर्सचा मोठा तारा होता आणि डॅफी नुसता वेडा, उड्या मारणारा, कोणाच्या हाती न लागणारा. पुढे बदक मोठं झालं आणि पोर्की मागे पडला. जोन्स आणि लेखक मायकेल मॉल्टीज यांनी १९५० च्या सुमाराला डॅफीचं वेड कमी केलं आणि त्याच्या जागी हाव आणि अहंकार भरला. त्याच १९५१ साली आलेल्या 'रॅबिट फायर'मध्ये बग्ज बनी या सशासमोरही डॅफी असाच आहे. म्हणजे 'विनोदी पात्र' ही पाटी एका जुन्या नायकाला लावली आहे, आणि शेवटी गाव त्यालाच मिळतं. मला हे नुसतं चेष्टेचं वाटत नाही, त्यात पोर्कीबद्दल खरी माया आहे. विशेष म्हणजे डॅफीचा थुंकी उडवत बोलणारा आवाज आणि पोर्कीचा अडखळता आवाज, दोन्ही एकाच माणसाचे, मेल ब्लँक यांचे.

आता वेस्टर्नच्या माहितीबद्दल. ती असेल तर आणखी काही गोष्टी हाती लागतात. नावात 'हॉपअलाँग कॅसिडी'ची नक्कल आहे. विल्यम बॉइड यांनी रंगवलेला हा सज्जन काउबॉय १९४९ पासून टीव्हीवर आला होता आणि पोरांचा लाडका होता. 'ड्रिप' म्हणजे तेव्हाच्या बोलीत कंटाळवाणा, रटाळ माणूस. लोन रेंजर या दुसऱ्या प्रसिद्ध वेस्टर्न नायकाच्या घोड्याचं नाव सिल्व्हर, म्हणजे चांदी, म्हणून डॅफीच्या घोड्याचं टिनफॉइल, म्हणजे चांदीऐवजी चकचकीत वर्ख. आणि पोर्कीच्या तोंडी जे रडकं प्रेमगीत आहे ते मॉल्टीज यांनीच लिहिलेलं, गावर गल्चमधल्या एका सुंदरीबद्दल. हे गावर गल्च कुठल्याही दरीखोऱ्यात नाही. हॉलिवूडमध्ये सनसेट बुलेव्हार्ड आणि गावर स्ट्रीट जिथे मिळतात त्या चौकाला हे नाव पडलं होतं, कारण काउबॉयचे कपडे घालून माणसं तिथे किरकोळ भूमिकेसाठी बोलावणं यायची वाट बघत उभी राहायची. गाण्यातलं जंगली पश्चिम म्हणजे स्टुडिओबाहेरचा नाका! हे कळलं त्या दिवशी मी ते गाणं तीनदा ऐकलं.

पण यातलं काही माहीत नसलं तरी अडत नाही. ज्याने 'शोले' पाहिलाय त्याला ओसाड गाव, घोडे, दरारा असलेला गुंड आणि एकटा पुढे येणारा मर्द हे सगळं ओळखीचं असतं. वेस्टर्नचा साचा हिंदी सिनेमाच्या वाटेने आपल्या घरात कधीच येऊन बसलाय.

शेवटचा विनोद तर मराठीत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. डॅफीने सुरुवातीला शपथ घेतलेली असते की हे एका घोड्याचं गाव मी साफ करीन. अमेरिकन बोलीत टीचभर, भिकार गावाला 'एका घोड्याचं गाव' म्हणतात, आणि गाव साफ करणं म्हणजे गुंडांचा सफाया, आपल्यासारखंच. शेवटी पोर्की शेरीफ झालाय आणि डॅफी झाडूवाल्याच्या कपड्यांत हातगाडी ढकलतोय. गाव साफ करतोय. पोर्की म्हणतो, त्याचं नशीब की या गावात खरंच एकच घोडा आहे.

आजीला मी हे वाक्य समजावून सांगितलं. तिचं लहानपण टांग्यांच्या काळात, टांगेवाल्यांच्या आळीत गेलेलं. ती डोळे पुसेपर्यंत हसली आणि म्हणाली, "एका घोड्याची लीद म्हणजे सकाळची एक पाटी. बरं झालं, सुटला बिचारा."

तुम्ही पहिल्यांदा बघाल तेव्हा डॅफीकडेच लक्ष जाईल, ते जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला मात्र फक्त पोर्कीकडे बघा, गाढवावरून मागे मागे येताना.