मधला चेंडू कोणाचा?

मॅडम, माझी लेक दहावीला आणि जावेची लेक नववीला आहे. दोघी शाळेकडून बॅडमिंटनची दुहेरी खेळतात. यंदा तालुक्याला हरल्या आणि गाव येईपर्यंत एसटीत एकमेकींशी बोलल्या नाहीत. आता मोबाइलवर बायकांच्या टेनिस दुहेरीचे सामने पाहतात, मीही सोबत बसते. त्या खेळाडू पॉइंट गेला तरी एकमेकींना टाळी देतात, ते कशासाठी? तोंडापुढे चेंडू धरून काय बोलतात? आणि एकेरीत ज्यांना जमत नाही ते दुहेरी खेळतात, असं शाळेतले सर म्हणतात. हे खरं आहे का? (एक आई, ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

ताई, एसटीत अबोला धरून बसलेल्या अशा जोड्या मी खूप पाहिल्या आहेत. आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. टेनिसची रॅकेट पहिल्यांदा हातात धरली ती अमरावतीला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकत असताना. पुढे नोकरी लागल्यावर चार जुन्या रॅकेट मिळवून शाळेत आणल्या आणि मुलींना दुहेरी शिकवायला लागले. चारच रॅकेट होत्या, म्हणून दुहेरीच.

त्यात दोन मुली होत्या, त्यांची शेतं एकमेकींना लागून. घरच्यांचा धुऱ्यावरून वाद होता, बोलणं बंद होतं. मुली मात्र एका बाकावर बसत. पहिल्याच दिवशी चेंडू दोघींच्या बरोब्बर मधून गेला आणि दोघी जागेवर उभ्या. एक म्हणाली, "मले वाटलं थे घेईन." दुसरीचंही तेच उत्तर. धुऱ्यावरच्या वीतभर जमिनीवर दोन्ही घरं हक्क सांगत होती, आणि इथे मधला चेंडू कोणीच आपला म्हणत नव्हतं. त्या दिवसापासून माझ्यासाठी दुहेरीचा सगळा खेळ या एका प्रश्नात आहे: मधला चेंडू कोणाचा?

मोठ्या स्पर्धांतल्या जोड्या समोरच्यांच्या मधे इतके चेंडू का मारतात, ते पाहा. दुहेरीचं कोर्ट ३६ फूट रुंद असतं, म्हणजे एकीच्या वाट्याला १८ फूट. एकेरीत एकटीला २७ फूट सांभाळावे लागतात. त्यामुळे कडा बऱ्यापैकी राखल्या जातात, उघडी राहते ती मधली फट. शिवाय नेट खांबाजवळ साडेतीन फूट उंच आणि मधोमध तीन फूट. तिथून चेंडू खाली ठेवून मारता येतो, आणि मधून गेलेल्या चेंडूला समोरची फार तिरका परतवू शकत नाही. दोघी उजव्या हाताच्या असतील तर डाव्या बाजूला उभी असलेलीचा फोरहँड (तळहाताच्या बाजूने मारायचा फटका) मधे येतो, म्हणून मधला चेंडू बहुतेक वेळा तिचा. पण हे आधी ठरलेलं असायला हवं, आणि ऐन वेळी "माझा!" असा आवाजही यायला हवा.

तोंडापुढे चेंडू धरून चालतं ते हेच ठरवणं. सर्व्हिस मधल्या रेषेवर पडणार की बाहेरच्या बाजूला, नेटजवळची जागेवर राहणार की आडवी धावून चेंडू अडवणार. समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून तोंड झाकायचं. पुढचं नीट पाहाल तर नेटजवळची मुलगी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करताना दिसेल. बहुतेक जोड्यांत बंद मूठ म्हणजे थांबते, उघडा पंजा म्हणजे जाते. सर्व्हिसच्या आधी २५ सेकंद मिळतात, तेवढ्यात हे सगळं उरकायचं.

टाळीचंही तसंच. गेलेल्या पॉइंटचा हिशेब तिथेच बंद झाला, एवढंच ती सांगते. मी माझ्या मुलींना नियमच घातला होता: प्रत्येक पॉइंटनंतर जवळ यायचं, हाताला हात लावायचा आणि बोलायचं ते फक्त पुढच्या चेंडूबद्दल. "तू सोडला" हे वाक्य मैदानावर बंद. पहिल्या आठवड्यात दोघींना लाज वाटे, हात लावून लगेच तोंड फिरवत. पावसाळा संपेपर्यंत त्या खेळताना इतक्या बोलायला लागल्या की शेजारच्या वर्गातून तक्रार आली. घरच्यांचा वाद काही मिटला नाही, पण आंतरशालेय स्पर्धेत एकीची आई दोघींसाठी डबा घेऊन आली होती.

जुलै २०१५ मधला विंबल्डनचा अंतिम सामना तुमच्या लेकींना जरूर दाखवा. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगीस एका बाजूला, रशियाच्या एकातेरिना माकारोव्हा आणि एलेना व्हेसनिना दुसऱ्या बाजूला. पहिला सेट ७-५ असा रशियन जोडीने घेतला, दुसरा टायब्रेकवर, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेमवर, सानिया-मार्टिनाने. तिसऱ्यात या दोघी २-५ अशा मागे. तिथून त्यांनी ५-५ अशी बरोबरी केली. अंधार पडत आला म्हणून खेळ थांबवून छत बंद केलं, दिवे लावले. इकडे मध्यरात्र उलटून गेली होती. आमच्याकडे पेरण्या होऊन पावसाने ओढ दिली होती, घरात सगळे काळजीत झोपलेले, मी एकटी टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेली. छताखाली परत येऊन त्यांनी सलग दोन गेम घेतले, ७-५. महिला दुहेरीत ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारी सानिया पहिली भारतीय. २-५ असतानाचे त्यांचे चेहरे पाहा. एकीनेही दुसरीकडे रागाने पाहिलेलं मला दिसलं नाही. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन ओपन जिंकली, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन. सलग ४१ सामने ही जोडी हरली नव्हती.

आता सरांचं म्हणणं. पैशापुरतं त्यात तथ्य आहे. एकेरीचं बक्षीस मोठं असतं आणि दुहेरीचं दोघींत वाटलं जातं. कौशल्याच्या बाबतीत मात्र मला ते अजिबात मान्य नाही. मार्टिना नवरातिलोव्हा एकेरीची अव्वल खेळाडू असतानाच पॅम श्रायव्हरबरोबर १९८३ ते १९८५ या काळात दुहेरीचे सलग १०९ सामने जिंकत होती. सानिया एकेरीत जगात २७ व्या क्रमांकापर्यंत गेली होती. मनगटाची, गुडघ्याची दुखणी वाढली तेव्हा तिने एकेरी सोडली आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत पहिला क्रमांक मिळवला. इटलीच्या सारा एरानीने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जास्मिन पाओलिनीबरोबर सुवर्णपदक घेतलं तेव्हा ती ३७ वर्षांची होती. आणि आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे? २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत तिने सानियाबरोबर दुहेरीचं कांस्य आणलं. बार्शी काही महानगर नाही. सरांना हे जरूर सांगा, आदरानेच सांगा.

तुमच्या मुलींसाठी एक सराव देते. तीन-साडेतीन मीटरचा दोर घ्या, बैलाचा जुना कासराही चालेल. एक टोक एकीच्या कमरेला सैल बांधा, दुसरं दुसरीच्या. चेंडू किंवा फूल न मारता नुसतं डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलायला लावा. एक सरकली की दुसरीने सरकायचं, दोराला ताण पडता कामा नये. कबड्डीत साखळी धरून खेळल्या असतील तर चटकन जमेल.

कधी सामना तीन सेटचा असतो, कधी तिसऱ्या सेटऐवजी १० पर्यंतच मोजतात. ४०-४० नंतर कधी एकाच पॉइंटवर गेम संपतो. नियम कोणता धरायचा? (एक वाचक, मोर्शी)

भाऊ, दोन्ही बरोबर आहेत, स्पर्धा वेगळ्या आहेत. महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यावरच्या नेहमीच्या स्पर्धांत एकेक सेट बरोबरीत आला की तिसऱ्याऐवजी १० गुणांचा टायब्रेक खेळतात, फरक दोनचा हवा. ४०-४० ला एकच निर्णायक पॉइंट, आणि समोरून येणारी सर्व्हिस दोघींपैकी कोणी परतवायची ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. चारही ग्रँड स्लॅममध्ये महिला दुहेरीचा तिसरा सेट पूर्ण खेळतात. तो ६-६ झाला तर २०२२ पासून १० गुणांचा टायब्रेक.

आमच्या शाळेला मोठं पटांगण आहे. टेनिसचं कोर्ट आखता येईल का? (एक शिक्षिका, ता. आर्णी)

येईल. ७८ फूट लांब, ३६ फूट रुंद. धावायला मोकळी जागा धरून १२० बाय ६० फूट असेल तर उत्तम. काळ्या मातीवर थेट आखू नका, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि चेंडू कुठेही उडतो. मुरूम पसरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्या. फक्की टाकण्याआधी सुतळी ताणून दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक ८५ फूट ११ इंच भरला पाहिजे, नाहीतर कोर्ट तिरकं होतं. बाजूच्या पट्ट्या साडेचार-साडेचार फुटांच्या. सर्व्हिसची रेषा नेटपासून २१ फुटांवर, आणि ती बाजूच्या पट्ट्यांत न्यायची नाही. तिथे आमची पहिल्यांदा चूक झाली होती. जागा कमी पडली तर लांबी कापा, पण रुंदी ३६ च ठेवा. किती बसलं ते पत्राने कळवा.