सेकंडहँड लॅपटॉपच्या सी ड्राइव्हमधले ते ६० जीबी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या बारावीसाठी लॅमिंग्टन रोडवरून जुना थिंकपॅड घेतला. १२८ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम, विंडोज १०. तीन महिन्यांत सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, शिल्लक जेमतेम ३ जीबी. तुमचं स्वतःचं सामान सगळं मिळून २० जीबी. मुलीचे जुने फोटो उडवलेत, थोडी जागा झाली आणि दोन दिवसांत परत तीच गत. आता एखादं फुकटचं क्लीनर सॉफ्टवेअर टाकावं का, असं विचारताय.

क्लीनर टाकू नका. आणि कृपा करून आणखी फोटो उडवू नका, बिचाऱ्या फोटोंचा यात काही दोष नाही.

आधी हिशेब करू. डब्यावर १२८ जीबी लिहिलेलं असतं ते १२८ अब्ज बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून तेच ११९ दिसतात. बूट आणि रिकव्हरीची छोटी पार्टिशन्स (विंडोज सुरू करायला आणि दुरुस्तीला राखून ठेवलेले डिस्कचे तुकडे) वजा केली की सी ड्राइव्हला साधारण ११८ उरतात. इथपर्यंत कुणी फसवलेलं नाही. त्यातले ३ मोकळे, २० तुमचे. विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम यांना ढोबळ ३०-३५ धरा. तरीही ६० जीबींचा पत्ता लागत नाही. ते शोधायचे आहेत, आणि सेकंडहँड मशीनमध्ये ते बहुतेक वेळा आधीच्या मालकाचे निघतात.

शोधायला विझट्री किंवा विनडिरस्टॅट घ्या. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवणारे हे प्रोग्रॅम, दोन्ही घरच्या वापरासाठी फुकट आहेत. विझट्री एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने मांडलेल्या) डिस्कची यादी थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत चित्र समोर येतं. मात्र उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नेच चालवा. नाहीतर दुसऱ्या युजरची फोल्डर त्याला उघडता येत नाहीत आणि नेमकं तेच आपल्याला बघायचंय.

आता ‘युजर्स’ फोल्डर बघा. हे लॅपटॉप बरेचदा कंपन्यांच्या लीजवरून सुटून बाजारात येतात. नीट पुसून विकणारे दुकानदार आहेत, आणि नुसतं एक नवं खातं उघडून देणारेही आहेत. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपमध्ये दोन अनोळखी लोकांची प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या खात्यांची सगळ्या फाइलींसकट फोल्डर, तशीच पडून होती. एकात आउटलुकची ओएसटी फाइल एकटीच २२ जीबी! ओएसटी म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची मशीनवर ठेवलेली प्रत. (पीएसटी वेगळी. ती बरेचदा मूळ आणि एकमेव असते, तुमची स्वतःची असेल तर हात लावू नका.)

अशी प्रोफाइल सापडली तर आत डोकावू नका, त्यात कुणाच्या पगाराच्या स्लिपा असतील, कुणाचं आधार असेल. पण ते फोल्डर एक्स्प्लोररमधून नुसतं डिलीटही करू नका, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या नोंदवहीत) त्याचा सांगाडा राहतो. स्टार्टमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ शोधा, तिथे ‘युजर प्रोफाइल्स’खालचं सेटिंग्ज बटण दाबा. प्रत्येक प्रोफाइल आणि त्याचा आकार दिसेल. तुमचं सोडून माणसांच्या नावाची बाकीची तिथून काढा. ‘डिफॉल्ट प्रोफाइल’ राहू द्या.

दुसरा मोठा गडी म्हणजे ‘विंडोज डॉट ओल्ड’. दुकानदाराने विकण्यापूर्वी जुन्यावरच नवं विंडोज चढवलं असेल, तर आधीचं अख्खं विंडोज या फोल्डरात बसलेलं असतं. एरवी ते काही दिवसांनी आपोआप जातं, पण अडकून राहिलेलंही मी पाहिलंय. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा, मग यादीत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ दिसेल. त्याच यादीत जुन्या अपडेटचा कचराही असतो. फोटो उडवून मोकळी केलेली जागा दोन दिवसांत भरली ती बहुधा यामुळेच: जागेअभावी अडलेलं अपडेट जागा मिळताच उतरलं.

इथे माझी एक चूक सांगतो. विंडोज १० च्या मधल्या काही आवृत्त्यांत या यादीत ‘डाउनलोड्स’ही होतं. मी सगळ्या चौकटींत टिका मारल्या आणि ओके केलं. वडिलांचे सातबाऱ्याचे उतारे, फेरफाराच्या नकला, सगळं डाउनलोड्समध्ये होतं. रीसायकल बिनमध्येही काही मिळालं नाही. पुन्हा तलाठ्याकडे खेपा. तेव्हा टीक मारण्याआधी प्रत्येक ओळ वाचा.

विझट्रीत ‘हायबरफिल’ नावाची फाइल दिसेल, रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ३ जीबीच्या आसपास. हायबरनेट म्हणजे उघडं काम डिस्कवर जपून मशीन बंद होणं, त्यासाठीची ही जागा. हायबरनेट बंद केलं की ती जाते, आणि इंटरनेटवर हा सल्ला जो तो देतो. मी मात्र जुन्या लॅपटॉपवर हे करत नाही. सेकंडहँड मशीनची बॅटरी कधी मान टाकेल याचा नेम नसतो, आणि हायबरनेट चालू असेल तर मुलीचं अर्धवट प्रोजेक्ट वाचतं. ३ जीबीसाठी ते घालवू नका.

‘विनएसएक्सएस’ या विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरचा आकार बघून डोळे पांढरे होतील. तो एक्स्प्लोररमध्ये फुगून दिसतो, कारण त्याच फाइल दोन ठिकाणच्या नावांनी दोनदा मोजल्या जातात. हाताने त्यातलं काही उडवलंत तर पुढचं अपडेट बसणार नाही.

वनड्राइव्ह, म्हणजे फाइल इंटरनेटवर ठेवणारी मायक्रोसॉफ्टची सोय, चालू आहे का तेही बघा. त्याच्या फोल्डरमधला फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरून आणि फोनच्या वनड्राइव्हमधूनही जातो. तुम्ही उडवलेले फोटो तिथले असतील तर वेबसाइटवरच्या रीसायकल बिनमध्ये बघा, वैयक्तिक खात्यात ते ३० दिवस राहतात. जागा हवी असेल तर उजवं क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडायचं, मग फाइल क्लाउडवर राहते आणि डिस्क मोकळी होते.

एवढं केलंत तर ४०-५० जीबी सुटायला हरकत नाही. पण मशीन माझं असतं तर मी यातलं काही न करता सरळ कोरं विंडोज टाकलं असतं. परक्या माणसाने तीन-चार वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये काय काय बसलंय कोण जाणे, आणि त्यावर मुलीचं बँक खातं उघडायचं? मात्र पुसण्याआधी तीन गोष्टी बघाच.

पहिली, लायसन्स. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’, स्पेस, ‘स्लॅश डीएलआय’ असं इंग्रजीत टाइप करा. खिडकीत ‘ओईएम’ किंवा ‘रिटेल’ आलं तर निश्चिंत राहा. ‘व्हॉल्यूम’ आलं तर ते कंपनीचं लायसन्स होतं, नव्याने टाकल्यावर अ‍ॅक्टिव्हेट होईलच असं नाही.

दुसरी, कंपनीचं कुलूप. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’खाली कुठल्या कंपनीचं नाव आहे का? काही लॅपटॉप कंपनीच्या यादीत मदरबोर्डाच्या ओळखीने नोंदवलेले असतात. कोरं विंडोज टाकून नेट जोडलं की स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं आणि ऑफिसचा ईमेल मागितला जातो. ती नोंद फक्त ती कंपनीच काढू शकते. इथे नाव दिसलं नाही म्हणून नोंद नाहीच असं नसतं, म्हणून दुकानाची परत घेण्याची मुदत शिल्लक असतानाच हे करून बघितलेलं बरं. तीन महिने झालेत, तरी बिल शोधून ठेवा.

तिसरी, तुमचा बॅकअप. फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. घरात कुणी टॅली वापरत असेल तर त्याचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, श्रीलिपीसारखं (मराठी टायपिंगचं) लायसन्सवालं काही असेल तर त्याची की, हे विसरतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्यापुढचा आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर कोरं टाकताना थेट विंडोज ११ टाका. त्याआधीचा असेल आणि मुलीचं काम ब्राउझरमध्ये भागत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टम चांगली चालते, मराठी टायपिंगसकट.

आणि १२८ जीबी पुढेही अपुरी पडणारच असेल तर एसएसडी बदला. खरेदीआधी मागचं झाकण उघडून आत काय आहे ते बघा: अडीच इंची साटा (चपट्या डबीसारखी), की एम डॉट टू (उघड्या पट्टीसारखी). एम डॉट टूमध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, दिसायला सारखे, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेत नाही. जुनी एसएसडी काढून दुकानात सोबत घेऊन जा, मॉडेल नंबर पाठ करत बसू नका.

विझट्री चालवल्यावर सर्वांत मोठी पाच फोल्डर कोणती आली ते इथे लिहा. नावं कळली की कशाला हात लावायचा आणि कशाला नाही ते सांगतो.