डबे घेण्याआधी इंजेक्शने मोजा

आपला प्रश्न असा आहे: जळगाव जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर आपली नुकतीच नेमणूक झाली, केंद्रामागच्या मोकळ्या जागेत आपल्याला अर्धवट जळालेल्या सिरिंज दिसल्या, आणि समितीच्या तुटपुंज्या निधीतून रंगीत डबे घ्यावेत की आणखी काही करावे, हे कळत नाही. मी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मिळून सव्वीस वर्षे परिचारिका होते, आणि शेवटची काही वर्षे जैववैद्यकीय कचऱ्याची नोंदवही माझ्याकडेच होती. तेव्हा डबे शेवटी घ्या आणि आधी इंजेक्शने मोजा, असे मी सुचवेन.

मोजायचे म्हणजे एका महिन्याची तीन कागदपत्रे शेजारी ठेवायची: बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही, औषध भांडारातून दिलेल्या सिरिंजची नोंद आणि कचरा नेणाऱ्या गाडीच्या पावत्या. टोचलेली इंजेक्शने सहाशे आणि भांडारातून निघालेल्या सिरिंज चारशे असतील, तर उरलेल्या दोनशे जणांना कशाने टोचले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. उलट सिरिंज सहाशे निघाल्या आणि वापरलेल्या सिरिंज टाकायच्या लाल पिशवीचे वजन त्या मानाने नगण्य भरले, तर माल जळतो आहे किंवा भंगारात जातो आहे. भंगारात गेलेली सिरिंज धुऊन पुन्हा बाजारात येऊ शकते, आणि ही भीती कल्पनेतली नाही. आपल्या शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस बीची जी साथ आली आणि तीत अनेक जण दगावले, तिच्या मुळाशी पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजच होत्या. ही तपासणी करायला एक दुपार पुरते आणि तिला पैसाही लागत नाही. मात्र ती वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत घेऊन करा. तपासनीस म्हणून गेलात तर नोंदवह्या दुसऱ्या दिवशी नीटनेटक्या होतील आणि सिरिंज मात्र आहेत तिथेच राहतील.

इंजेक्शनांचा आकडा मोठा निघाला, तर पहिले काम तो कमी करण्याचे आहे, कारण जे इंजेक्शन दिलेच नाही त्याचा कचरा होत नाही आणि त्याची सुई कोणाच्या बोटात शिरत नाही. आपल्याकडे हे अवघड आहे, हे मी मान्य करते. कापूस वेचणीच्या दिवसांत अंग ठणकत आलेला मजूर दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडू नये म्हणून येतो आणि बसण्याआधीच म्हणतो, "गोयीवरी काय व्हस? सुईच लावा." (गोळीने काय होणार?) त्याचे समाधान व्हावे म्हणून बी-१२ जीवनसत्त्वाचे लाल इंजेक्शन देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि ते देणारा हात बहुतेक वेळा माझाच होता. जुलाबाच्या ज्या रुग्णाला गिळता येते, त्याला बहुधा क्षार-संजीवनी (ओआरएस) पुरते. तरी सलाईनची बाटली टांगली नाही तर उपचारच झाला नाही, असे घरच्यांना वाटते. समितीवरील गावचा माणूस ही समजूत आमच्यापेक्षा चांगली बदलू शकतो, कारण आमच्या सांगण्यात लोकांना कंटाळा किंवा काटकसर दिसते.

त्यानंतर इंजेक्शनच्या टेबलापाशी अर्धा तास उभे राहा आणि काही गोष्टी डोळ्यांनी पाहा. सिरिंजचे पाकीट रुग्णासमोर फोडले जाते का? नुसती सुई बदलून तीच सिरिंज दुसऱ्या रुग्णाला वापरली जात नाही ना? सुई नवी असली तरी सिरिंजमध्ये आधीच्या रुग्णाचे रक्त मागे आलेले असू शकते. ही चूक अजूनही काही जणांना चूक वाटत नाही. कुपीच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली दिसली, तर ती काढायला लावा, कारण त्या वाटेने जंतू आत जातात. स्पिरिटमध्ये सकाळीच भिजवून वाटीत ठेवलेले कापसाचे बोळेही बंद करावेत. जागतिक आरोग्य संघटना त्यांची शिफारस करत नाही, कारण त्या वाटीत दिवसभर सगळ्यांची बोटे जातात. लसीकरणात एकदा दाबल्यावर दट्ट्या अडकून बसणाऱ्या एडी सिरिंज वापरल्या जातात आणि त्या पुन्हा वापरता येत नाहीत. उपचाराच्या इंजेक्शनांसाठीही पुनर्वापर होऊ न शकणाऱ्या सिरिंज घ्याव्यात, असे त्याच संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. खरेदीची मागणी जाताना हा मुद्दा लेखी घाला.

सर्वांत धोक्याचा क्षण म्हणजे सुई दंडातून बाहेर आल्यापासून ती डब्यात पडेपर्यंतचा. माझ्या बोटात सुई शिरली ती एका बाळंतपणाच्या रात्री. सुईवर टोपण परत बसवताना ती निसटली आणि हातमोजा भेदून डाव्या तर्जनीत गेली. डबा खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात खिडकीखाली होता आणि उघडी सुई तिथवर नेण्यापेक्षा टोपण लावणे मला सुरक्षित वाटले होते. टोपण लावू नये हे मला ठाऊक होते, पण डबा जवळ नव्हता. म्हणून आपल्याला एकच गोष्ट बदलता आली, तर हब कटर (सिरिंजपासून सुई कापणारे साधन) आणि सुयांचा पांढरा डबा टेबलावरच, देणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर आणा. हब कटरचे पाते बोथट झाले की सुई तुटण्याऐवजी वाकते आणि मग सिस्टर ती हाताने ओढून काढू लागतात, तेव्हा कटर वेळेवर बदलण्यासाठी निधीतून थोडी रक्कम राखून ठेवा. विजेवर चालणारे सुई जाळण्याचे यंत्र घेण्याचा आग्रह कोणी धरेल. आपल्या भागातले भारनियमन लक्षात घेता हाताने दाबायचा कटरच बरा. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. काठोकाठ भरलेल्या डब्यात सुई कोंबताना होणाऱ्या जखमा मी मोजल्या नाहीत, पण विसरलेही नाही.

रंगांचा भाग सोपा आहे आणि भिंतीवरच्या तक्त्यावर तो बहुधा असतोच. २०१६ च्या नियमांनुसार रक्ताने भिजलेला कापूस, बाळंतपणात पडणारी वार आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्यात. सुई कापलेली सिरिंज, सलाईनची नळी आणि हातमोजे लालमध्ये. सुया व पाती न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्यात. आरोग्य केंद्राचा बराचसा कचरा साधा, घरगुती कचऱ्यासारखाच असतो. तो वेगळा राहिला तरच बाकीचा आवाक्यात येतो.

पिवळ्या पिशवीबाबत मात्र थांबून विचार करावा लागतो. प्रक्रिया न केलेला हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम आहे. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा वार ठेवलेली पिशवी दुसऱ्या सकाळपर्यंतही थांबत नाही. साठवणीची खोली सावलीतली, कुलपाची आणि कुत्र्या-मांजरांना शिरता येणार नाही अशी असावी, आणि उन्हाळ्यात गाडीची फेरी वाढवण्याचे पत्र वेळेत द्यावे. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला जिथे अनेक दवाखान्यांचा कचरा एकत्र नष्ट करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय पोहोचत नाही, तिथे परवानगी घेऊन खोल पुरण्याचा खड्डा करता येतो. तो सुमारे २ मीटर खोल असतो, अर्धा भरला की वर चुना टाकून मातीने बुजवतात, आणि जनावरे शिरू नयेत म्हणून त्यावर लोखंडी जाळी बसवतात. पाड्यावर लसीकरणाला गेलेल्या सिस्टरने कापलेल्या सुया व सिरिंज परत केंद्रात आणायच्या असतात. त्यांना वाहनाची सोय आहे का, हेही विचारा.

आपण पाहिलेले जाळणे आजच बंद करायला हवे. सलाईनच्या नळ्या आणि लघवीच्या पिशव्या बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकच्या असतात. त्या उघड्यावर जाळल्या की डायॉक्सिनसारखे विषारी घटक हवेत जातात. सुई तर जळतच नाही. ती राखेत राहते आणि अनवाणी पोराच्या पायात शिरते. गाडी येत नाही म्हणून जाळतात, असे उत्तर मिळाल्यास गेल्या महिन्याच्या पावत्या मागा आणि खरोखरच फेऱ्या चुकल्या असतील, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवण्यास अधिकाऱ्यांना सांगा.

शेवटी सफाई करणाऱ्या मावशींबद्दल. पिशवी उचलताना सुई त्यांनाच टोचते, आणि हिपॅटायटिस बीची लस घ्यायची कोणी, असा प्रश्न आला की नाव डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे निघते. बाधित रक्ताची सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. लसीच्या तीन मात्रा आता, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी घ्यायच्या असतात. कंत्राटी सफाई कामगारांसह सर्वांची नावे घालून तारखांचा तक्ता करा. सुई टोचलीच, तर जखम न पिळता साबण-पाण्याने धुवावी आणि लगेच डॉक्टरांना सांगावे. एचआयव्हीविरोधी औषध शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते आणि ते २८ दिवस घ्यायचे असते. ते रात्री कुठे मिळेल, हे प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लिहून ठेवा. माझ्या वेळी ते कोणालाच माहीत नव्हते आणि सकाळची एसटी धरून मी जिल्ह्याच्या गावी गेले होते.

एवढे करून निधी उरला, तर डबे जरूर घ्या; फक्त पायाने उघडणारे घेताना पेडल लोखंडी पाहा, कारण प्लास्टिकचे दोन महिन्यांत तुटते आणि झाकण पुन्हा हातानेच उघडावे लागते.