सहा वर्षांच्या मुलाला अजून बटणं लावता येत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपीत नुसतं खेळवतात, त्याने काय होणार?

मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे कपडे घालण्यासारखी रोजची कामं मुलांना स्वतः करता यावीत म्हणून उपचार करते. तुम्ही लिहिलंय की थेरपीच्या तासात मुलगा झोपाळ्यावर झुलतो, क्ले मळतो, आणि शर्टाची बटणं मात्र अजून तुम्हीच लावता. तुमची शंका रास्त आहे.

बटण लावताना काय काय होतं ते एकदा स्वतःच्या हातांकडे बघत करून पाहा. एक हात काज ताणून धरतो, दुसरा बटण तिरकं करून आत सारतो, मग हातांची कामं बदलतात. आणि हे सगळं मान खाली घालून. पाठ आणि खांदे कच्चे असले की मूल कशाला तरी रेलतं, एक हात टेकूला जातो आणि बटणासाठी एकच उरतो. पोटावर पडून झोपाळ्यावर झुलताना मान, पाठ, खांदे कामाला लागतात. क्लेचे तुकडे चिमटीने तोडताना बोटांत जोर येतो. म्हणजे तो खेळ वाया जात नाही.

पण नुसत्या झोपाळ्याने बटण लागत नाही, हेही तितकंच खरं. जे काम यायला हवं, त्याचाच सराव लागतो. संशोधनाचा कलही याच बाजूने आहे. म्हणून थेरपिस्टना सरळ विचारा, ‘येत्या दोन महिन्यांत याला नेमकं काय करता यायला हवं?’ ‘हाताची ताकद वाढेल’ एवढ्या मोघम उत्तरावर थांबू नका. ‘शर्टाची खालची तीन बटणं स्वतः लावेल’ असं काहीतरी ठरलेलं हवं. मुलालाही विचारा. त्याला कदाचित बटणांपेक्षा बुटाची नाडी बांधायची असेल, आणि ज्याची ओढ त्यालाच आहे ते तो लवकर शिकेल.

घरी आधी बटणं काढायला शिकवा, ते सोपं असतं. लावताना बटण अर्धं काजातून तुम्ही घाला, शेवटचं ओढणं त्याचं. ते जमलं की तुमचा वाटा थोडा कमी करा. आम्ही असं शेवटाकडून शिकवतो, कारण दर वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल मध्ये अडकतं आणि शेवट मोठी माणसं करून टाकतात. त्याच्या लक्षात राहतं ते अडकणंच. गळ्याजवळचं बटण त्याला दिसत नाही, ते सगळ्यांत शेवटी ठेवा. शाळेच्या घाईत हा सराव नको, संध्याकाळी करा. तो अडला की लगेच हात पुढे करू नका. मनात दहा अंक मोजा. आईबाबांना सगळ्यात जड जातं ते हेच, मी रोज बघते.

शर्ट अंगावर येताच तो चिडत असेल, कॉलरमागचं लेबल टोचतं म्हणत असेल, तर तो हट्ट समजू नका. अडचण बोटांत नसून स्पर्श सहन होण्यात असू शकते. हे थेरपिस्टना जरूर सांगा, उपचाराची दिशाच बदलते.

तोवर शाळेसाठी डोक्यातून घालायचे टी-शर्ट आणि वेल्क्रोचे बूट खुशाल वापरा. कपडा सोपा करणं हाही आमच्या उपचाराचाच भाग आहे, आणि सकाळी स्वतः तयार झालेलं मूल संध्याकाळी बटणांशी झटायला जास्त राजी असतं. पहिले काही दिवस एकच बटण त्याचं, बाकीची तुम्ही लावा.