बाबांचा डोस घड्याळ पाहून द्या, त्यांच्या ओरडण्याची वाट पाहू नका

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलंय. बाबा ६६ वर्षांचे, खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) जुनी सवय. गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, तरी गाठ परत आली आणि आता गालावर फुटली आहे. पुढचा इलाज नाही, त्रास कमी ठेवू, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जेवण नाकातल्या नळीतून. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी लिहून दिली आहे. त्या लिहितात : "दादा म्हणतो, मॉर्फिन सुरू केलं म्हणजे सगळं संपलं, सवय लागेल. म्हणून बाबा ओरडले की मगच गोळी देतो. पाच दिवस संडास झाली नाही, मग पातळ झाली, म्हणून पोट साफ करणारं औषध बंद केलं. जखमेच्या वासामुळे नातवंडं खोलीत येत नाहीत. आत्या म्हणते, उपाशी मारता का त्याले, सलाईन लावा. ताई, मी गोळी देऊन बाबांना लवकर मारतेय का?"

नाही. मोजून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिननं माणूस लवकर जात नाही. आजार त्याच्या वेगानं चाललाय. गोळीनं ठरतं ते इतकंच, की हे दिवस बाबा कसे काढणार.

आता तुमच्या घरी काय चुकतंय ते पाहू. साध्या मॉर्फिनची गोळी अर्ध्या तासात लागू पडायला लागते, तासाभरात पूर्ण चढते आणि चार तासांत ओसरते. बाबा ओरडेपर्यंत थांबलात की तिथून पुढचा तासभर ते तळमळणारच. शिवाय चढलेलं दुखणं खाली आणायला औषध जास्त लागतं. मग जास्तीचा डोस एकदम पडतो, ते गाढ झोपतात आणि दादाला वाटतं, "बघा, सांगितलं होतं ना." वेळा बांधून घ्या : सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० आणि पहाटे २. रात्री १० चा डोस दुप्पट देऊन पहाटे २ चा सोडायची पद्धत आहे, त्यामुळे बाबांची आणि तुमचीही झोप होते. पण ती डॉक्टरांना विचारून. आतापर्यंत गोळी अधूनमधूनच पोटात गेली आहे, म्हणून नियमित सुरुवात १० नं करायची की ५ नं, हेही आजच फोन करून विचारा. बाबांचा क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट जुना असेल तर तसं सांगा. किडनी मंद असली तर मॉर्फिन अंगात साठतं, मग डोस कमी किंवा वेळा लांब कराव्या लागतात.

दोन वेळांच्या मध्ये दुखलं तर? त्यासाठी जादा डोस असतो. तो दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या साधारण एक षष्ठांश. दिवसाला ६० मिलिग्रॅम जात असतील तर जादा डोस १० चा. तो दिला म्हणून पुढचा ठरलेला डोस टाळायचा नाही. एक वही करा : वेळ, डोस, दुखणं दहापैकी किती. बाबांना बोलता येत नसेल तर बोटांनी दाखवतील. दिवसात तीन जादा डोस लागले तर एकूण ९० झाले, म्हणजे मूळ डोस बहुधा १५ चा करावा लागेल. ते डॉक्टर ठरवतील, पण वही नसेल तर तेही अंदाजानंच ठरवतील. ड्रेसिंगच्या आधी पाऊण तास एक जादा डोस द्या. बहुतेक घरांत हे राहून जातं आणि रोजचं ड्रेसिंग म्हणजे रोजची शिक्षा होते.

दुखणं जळजळीचं असेल, कानाकडे वीज चमकल्यासारखी कळ जात असेल, तर ती नस दुखतेय. तिथे नुसतं मॉर्फिन वाढवून पुरत नाही. अॅमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखं औषध जोडीला लागतं. डॉक्टरांना "खूप दुखतं" एवढंच सांगू नका, कसं दुखतं तेही सांगा.

सवयीचं. नशेची ओढ वेगळी आणि दुखण्यासाठी औषध लागणं वेगळं. कॅन्सरच्या दुखण्यात मोजून दिलेल्या मॉर्फिननं ती ओढ लागणं फार विरळ. शरीर औषधाला सरावतं हे खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्यानं उतरवायचं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळही होते, आणि बहुतेकांची ती आठवड्याभरात जाते. कितीतरी रात्रींची राहिलेली झोपही माणूस त्या दिवसांत भरून काढतो. मात्र हाक मारून, हलवूनही जागे होत नाहीत, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेलेत, किंवा हातपाय मधूनच झटके देताहेत, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा.

नळीतून देताना : साधी गोळी बारीक कुटून १० मिली पाण्यात विरघळवा, आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडा, डोकं उंच ठेवा. गोळीच्या नावापुढे "एसआर" (म्हणजे हळूहळू सुटणारी) लिहिलं असेल तर ती कधीही कुटायची नाही. बारा तासांचं औषध एकदम सुटतं आणि जीवावर बेततं. कुणी फेंटॅनिलचा पॅच (दुखण्याच्या औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी) सुचवला तर लक्षात ठेवा, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात, तो तीन दिवस चालतो आणि उष्णतेनं त्यातलं औषध जास्त वेगानं अंगात जातं. पॅचवर शेकायची पिशवी नको. आपल्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पॅच लावलेल्या माणसाला कूलरसमोरच ठेवायचं. तापातही तोच धोका.

संडासाचं तुम्ही उलटं केलंत, पण जवळपास सगळे इथेच फसतात. पाच दिवस काही नाही आणि मग थोडं थोडं पातळ, हे बहुतेकदा जुलाब नसतात. खाली दगडासारखा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पाणी झिरपतं. जुलाब थांबवायची गोळी मुळीच देऊ नका. नर्सकडून तपासून घ्या, गोळा असेल तर एनिमा लागेल. मॉर्फिनच्या गुंगीला शरीर सरावतं, बद्धकोष्ठाला सरावत नाही. म्हणून मॉर्फिन चालू तोवर पोट साफ करणारं औषध रोज हवंच. इसबगोल नको, तो नळीत फुगून बसतो आणि पाणी कमी पडलं की आतड्यातही घट्ट होतो. बिसाकोडिलच्या गोळीला आवरण असतं, ती कुटायची नसते. सोडियम पिकोसल्फेट किंवा लॅक्टुलोजचं पातळ औषध लिहून मागा.

आता वास. माणूस जिवंत असताना त्याच्या नातवंडांना दारातून परत पाठवणारी ही गोष्ट सहसा आटोक्यात येते, आणि ती कुणी घरच्यांना सांगत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. वास जखमेतल्या हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो. अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ. त्यानं जखम हलकेच धुवा. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. मेट्रोनिडॅझोलची साधी गोळी अगदी पिठासारखी कुटून जखमेवर भुरभुरवा आणि वर स्वच्छ जाळी (गॉज) ठेवा, रोज. डॉक्टरांना विचारून तिचं जेलही आणता येईल. जुनी जाळी सुकून चिकटली असेल तर ओढू नका, मिठाच्या पाण्यानं भिजवून सोडवा, नाहीतर रक्त येतं. तीन-चार दिवसांत फरक पडायला हवा. जखमेवर माशी बसू देऊ नका, मच्छरदाणी वापरा. तरी अळ्या दिसल्या तर घाबरून स्वतः काही ओतू नका, नर्सला बोलवा.

एक कठीण गोष्ट सांगते, कारण ती आधी माहीत असलेली बरी. गालाच्या जखमेतून कधी जोरात रक्त येऊ शकतं. गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल खाटेजवळ ठेवा, त्यावर रक्त कमी दिसतं आणि बाबाही कमी घाबरतात. दाबून धरा, कुशीवर वळवा, जवळ थांबा. त्या वेळी कुठलं औषध द्यायचं आणि दवाखान्यात न्यायचं की नाही, हे डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या.

आत्याबाईंच्या सलाईनबद्दल सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. उलट्या होताहेत, ऊन लागलंय, कॅल्शियम वाढून ते बडबडताहेत, तर सलाईननं माणूस सावरतो. उन्हाळ्यात नळीतून पाणी कमी तर पडत नाही ना, तेही आधी पाहा. पण अगदी शेवटच्या दिवसांत शरीर पाणी पेलत नाही. ते पायांत उतरतं, छातीत साठतं, घशात घरघर वाढते. तेव्हा भूकही मंदावलेली असते. तोंड कोरडं पडतं तेच खरं त्रासाचं. दर दोन तासांनी ओल्या कापसानं ओठ आणि जीभ पुसा, ओठांना व्हॅसलिन लावा. आत्याबाईंना हे काम द्या. भावाला काहीतरी भरवावं, ही त्यांची तळमळ खरी आहे.

औषध मिळण्याची अडचण पत्रात नाही, पण येऊ शकते. २०१४ साली कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, तरी ते प्रत्येक मेडिकल स्टोअरवर मिळत नाही. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), एम्स, यांपैकी तुम्हाला जवळ पडेल तिथे वेदना किंवा पॅलिएटिव्ह (त्रास कमी ठेवणाऱ्या उपचारांच्या) विभागाची चौकशी करा आणि गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जा. गोळ्या कुलपात ठेवा, उरलेल्या परत करा.

आणि बाबांना विचारा. पाटी द्या, मोबाईल द्या. रात्री काही झालं तर दवाखाना हवा की घर? त्यांनी कदाचित खर्र्याचा विषय काढला, तर "जाऊ द्या" म्हणून बंद करू नका, ऐकून घ्या. ते स्वतः ठरवताहेत तोवर व्हेंटिलेटर नको वगैरे इच्छा दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून प्रमाणित करता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली आहे.

दादाशी वाद घालत बसू नका. त्याला पुढच्या भेटीला सोबत न्या, त्याचा प्रश्न त्यालाच डॉक्टरांना विचारू द्या. वही मात्र आजपासूनच त्याच्याकडे सोपवा. रात्री १० च्या डोसचा आकडा त्यानं स्वतःच्या हातानं लिहावा आणि सकाळी ६ ला बाबांच्या बोटांवरून दुखणं किती ते त्यानंच मोजावं.