स्क्रिप्ट हाताने चालते, मग क्रॉनमधून का चालत नाही?

आपण विचारले आहे की, डेटाबेसचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट टर्मिनलवर नीट चालते, परंतु क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या क्रॉन या लिनक्सच्या सेवेच्या वेळापत्रकात, रात्री दोनची वेळ देऊनही सकाळी बॅकअपची फाइल सापडत नाही. रावेर भागातील केळीच्या एका व्यापाऱ्याकडे वजनकाट्याच्या नोंदी ठेवणारा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो, आणि तिथे हीच अडचण माझ्यापुढे वेगवेगळ्या कारणांनी आली आहे.

सर्वप्रथम क्रॉनचा लॉग पाहून काम सुरू तरी झाले होते का, ते ठरवा. सुरू होऊन फसले असेल, तर बहुधा पाथचा, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्या यादीचा, दोष असतो. लॉगिन केल्यावर आपल्याला मिळणारा पाथ क्रॉनला मिळत नाही, म्हणून प्रत्येक कमांड पूर्ण पत्त्यासह लिहावी. माझ्या बाबतीत दोष याहून बारीक होता. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून मी क्रॉनटॅबच्या ओळीतच डेट कमांड लिहिली होती. तिच्यातील टक्क्याचे चिन्ह क्रॉन नवी ओळ मानतो, त्यामुळे कमांड तिथेच तुटते आणि उरलेला मजकूर तिला इनपुट म्हणून दिला जातो. चिन्हाआधी बॅकस्लॅश दिल्यास हे टळते, पण सगळे काम स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनटॅबमध्ये केवळ तिचा पत्ता देणे मला अधिक सुरक्षित वाटते.

काम सुरूच झाले नसेल, तर सर्व्हरचे घड्याळ तपासा. ते यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर असेल, तर रात्री दोनचे काम आपल्याकडे सकाळी साडेसातला, म्हणजे गाड्या काट्यावर लागलेल्या असताना सुरू होते.

दुसरी शक्यता विजेची आहे, आणि आपल्या खानदेशात ती गृहीत धरूनच आखणी करावी लागते. यूपीएस संपून सर्व्हर बंद पडला, तर हुकलेले काम क्रॉन नंतर स्वतःहून करत नाही. ॲनाक्रॉन हा क्रॉनसारखाच दुसरा प्रोग्रॅम ते करतो, मात्र तो दिवसांच्या हिशेबाने चालतो, नेमक्या वेळेच्या नव्हे. म्हणून मी लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा टायमर वापरतो. त्यात ऑनकॅलेंडरने वेळ देऊन पर्सिस्टंट हा पर्याय चालू ठेवला, की सर्व्हर पुन्हा सुरू होताच राहिलेला बॅकअप घेतला जातो.

क्रॉनच ठेवणार असाल, तर स्क्रिप्टचे आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलीत वळवा, कारण सर्व्हरवर मेलची व्यवस्था नसेल तर क्रॉनचा निरोप आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय आधीचा बॅकअप लांबला असताना दुसरा सुरू होऊ नये, यासाठी स्क्रिप्ट फ्लॉक या कुलूप लावणाऱ्या कमांडमधून चालवा.